पवनचक्कीला आग लावणारे हात

धाड हे बुलडाणा तालुक्यातलं, जालना जिल्ह्याच्या हद्दीजवळचं बाजाराचं गाव. अशा गावांकडे सिनेमा एकेकाळी जत्रेच्या तंबूत यायचा, आता तो ज्याच्या त्याच्या खिशात असतो. अमेरिकेत १९३१ साली तयार झालेला ‘फ्रँकेन्स्टाइन’ आज धाडमधला कॉलेजात जाणारा मुलगा रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मोबाईलवर पाहू शकतो. पाहिलाच तर पहिल्या वीस मिनिटांत त्याचं मत बनून जातं की यात घाबरण्यासारखं काहीच नाही. कृष्णधवल चित्र, सावकाश हालचाली, नाटकात बोलावं तसं बोलणारी माणसं, चौकोनी कपाळाचा आणि मानेत खिळे ठोकलेला एक राक्षस. हा राक्षस त्याने लहानपणी कार्टूनमध्ये, टी-शर्टवर आणि शाळेच्या दप्तरावरही पाहिलेला असतो. ज्या चेहऱ्यापायी माणसं थिएटरमधून उठून गेल्याच्या कथा सांगितल्या जातात, तो चेहरा आता खेळण्यातला झाला आहे. एवढं सगळं मान्य करूनही माझं म्हणणं असं आहे की या चित्रपटातली भीती संपलेली नाही, तिने फक्त जागा बदलली आहे. चेहऱ्यातून उठून ती मशाली घेतलेल्या जमावात जाऊन बसली आहे. ही जागा आपण आजच्या काळातून चित्रपटावर लादलेली नाही. ती त्यात पहिल्या दिवसापासून होती. मराठी प्रेक्षकाला ती ओळखायला फार कष्ट पडू नयेत, कारण तिच्या खुणा त्याच्या आसपासच आहेत.

आधी चित्रपटाची थोडी ओळख. मेरी शेलीची कादंबरी १८१८ ची. युनिव्हर्सल कंपनीने जेम्स व्हेल या इंग्रज दिग्दर्शकाकडून तिच्यावर जेमतेम सत्तर मिनिटांचा बोलपट करून घेतला आणि तो नोव्हेंबर १९३१ मध्ये पडद्यावर आला. आपल्याकडे मुंबईत ‘आलम आरा’ लागून तेव्हा आठ महिने झाले होते, आणि प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट यायला अडीच महिने बाकी होते. म्हणजे जगभरच सिनेमा नुकता बोलू लागला होता. सुरुवातीची नावं, शेवट आणि गावच्या उत्सवातला बँड सोडला तर ‘फ्रँकेन्स्टाइन’ला पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. दार उघडण्याआधी वाद्यं चढत जाणार आणि मग आपण दचकणार, ही आजच्या प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलेली सोय इथे मिळत नाही. स्मशानाचा आणि डोंगराचा देखावा स्टुडिओत उभा केलेला आहे, आणि नीट पाहिलं तर मागच्या रंगवलेल्या आभाळाच्या पडद्यावर चुण्या दिसतात. त्या दिसल्यावर हसू येतं हे खरं. पण ज्याच्या जोरावर चित्रपट टिकला आहे ती गोष्ट या पडद्यात कधी नव्हतीच. प्रयोगशाळेतल्या ठिणग्या आणि वादळ हा जत्रेतला भाग झाला. खरा चित्रपट सुरू होतो तो प्रयोग यशस्वी झाल्यानंतर, कारण तिथून पुढे प्रश्न एकच उरतो: या नव्या जिवाशी माणसं वागतात कशी?

राक्षसाचा पहिला प्रवेश पाहा. पावलांचा आवाज येतो, दार उघडतं आणि तो पाठमोरा आत येतो. मग हळूहळू वळतो, आणि कॅमेरा तीन झटक्यांत त्या चेहऱ्याच्या जवळ जवळ जातो. रंगभूषाकार जॅक पिअर्स रोज तासन् तास खपून हा चेहरा उभा करत असे. गाल आत गेलेले दिसावेत म्हणून बोरिस कार्लोफ या नटाने तोंडातली दातांची कवळी काढून ठेवली होती. भीती दाखवण्याचं काम एवढ्यावर संपतं. पण व्हेल तिथे थांबत नाही. त्याला घडवणारा हेन्री फ्रँकेन्स्टाइन त्या प्राण्याला खुर्चीवर बसवतो आणि छपरातली झडप थोडी उघडतो. वरून उजेड येतो. राक्षस मान वर करतो, उठून उभा राहतो आणि दोन्ही हात त्या उजेडाकडे उंच करतो. उजेड हातात धरता येईल असं त्याला वाटत असावं. मग हेन्री झडप लावून घेतो. तेव्हा राक्षस खाली बघतो आणि तेच हात, तळवे वर करून, हेन्रीपुढे पसरतो. तो काही बोलत नाही. कादंबरीतला हा जीव पानंच्या पानं बोलतो, चित्रपटाने त्याला शब्दच दिलेले नाहीत. आजच्या डोळ्यांनी हा प्रसंग पाहताना ज्याचं लक्ष चुण्यांवरून हातांवर येतं, त्याला पुढचा चित्रपट वेगळा दिसू लागतो.

लगेच पुढच्याच क्षणी फ्रिट्झ नावाचा मदतनीस मशाल घेऊन खोलीत शिरतो. राक्षस आगीला घाबरून हातपाय झाडतो. ही धडपड म्हणजे हल्ला, असं तिथल्या दोन शहाण्या डॉक्टरांना वाटतं आणि त्याला तळघरात नेऊन साखळदंडाने बांधतात. तिथे फ्रिट्झ त्याला चाबकाने फोडतो आणि मशालीने भाजत राहतो. राक्षसाच्या हातून पहिला खून होतो तो या फ्रिट्झचा. १९३१ च्या प्रेक्षकाला साखळदंड हा भयपटाचा साज वाटला असेल. बुलडाणा जिल्ह्यातल्या माणसाला तो तसा वाटण्याचं कारण नाही. बुलडाणा तालुक्यातल्याच पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमाराला तिथे सर्व धर्मांचे लोक लाखांनी जमतात, नारळांची होळी पेटते, आणि ‘बाहेरची बाधा’ झाली आहे असं समजून घरच्यांनी आणलेली माणसंही त्या गर्दीत असतात. नेणाऱ्यांच्या श्रद्धेबद्दल किंवा मायेबद्दल मला शंका घ्यायची नाही. मानसोपचाराचा डॉक्टर कुठे गाठायचा हे माहीत नसलेल्या घरापुढे दुसरी वाट तरी कोणती असते? पण आजारी माणूस अंगावर येतो म्हणून त्याला बांधावं आणि बांधलं म्हणून त्याने आणखी अंगावर यावं, हे चक्र आपल्याला माहीत आहे. तमिळनाडूत एरवाडी इथे ऑगस्ट २००१ मध्ये आग लागली तेव्हा साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण मेले. त्यांना पळता आलं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णाला कुठल्याही प्रकारे साखळीने बांधण्याला बंदी केली. हे माहीत असलेल्या प्रेक्षकाने तळघरातला तो प्रसंग पाहिला की त्याची नजर राक्षसाच्या चेहऱ्यावरून हटून फ्रिट्झच्या हातातल्या मशालीवर जाते. भीती जागा बदलते म्हणजे काय, ते इथे पहिल्यांदा कळतं.

चित्रपटाने स्वतःच या वाचनात एक अडथळा घालून ठेवला आहे, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. सुरुवातीला फ्रिट्झ वैद्यकीय महाविद्यालयातून मेंदूची बरणी चोरायला जातो. तिथे दोन बरण्या आहेत, एकीत चांगला मेंदू आणि दुसरीत गुन्हेगाराचा. दचकून त्याच्या हातून चांगली बरणी फुटते आणि तो दुसरी उचलून आणतो. म्हणजे पुढे जे घडतं त्याचं उत्तर पटकथेने तयार ठेवलं आहे: मेंदूच गुन्हेगाराचा होता. बरणी बाहेरून पाहून गुन्हेगार ओळखता येतो ही कल्पना त्या काळात कुणाला हास्यास्पद वाटत नव्हती. ती शास्त्र म्हणून शिकवली जात होती आणि आपल्याकडे तर ती कायद्यात होती. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. पुढे तो वाढवत नेला आणि पारध्यांसारख्या कितीतरी समाजांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. सोलापूरला तारेच्या कुंपणात त्यांची वसाहत होती आणि हजेरी दिल्याशिवाय बाहेर पाऊल टाकता येत नसे. हॉलिवूडमध्ये ‘फ्रँकेन्स्टाइन’चं चित्रीकरण चालू होतं तेव्हा हे कुंपण जागेवर होतं. कायदा रद्द होऊन हे समाज मुक्त झाले ते ३१ ऑगस्ट १९५२ ला. पण बरणीवरची चिठ्ठी लोकांच्या मनातून गेली असं म्हणवत नाही. चोरी झाली की पोलिसांची गाडी पहिल्यांदा कुठल्या वस्तीकडे वळते, हे बुलडाणा जिल्ह्यातल्या पारधी वस्त्यांना विचारावं. तेव्हा बरणीचा प्रसंग हा चित्रपटाचा दोष आहे आणि तो तसाच सांगायला हवा. मात्र चित्रपट पुढे जे दाखवतो ते या चिठ्ठीला दुजोरा देत नाही. गुन्हेगाराचा मेंदू घेऊन जन्मलेला हा जीव आधी उजेड मागतो, आणि त्याच्या अंगावर आग येईपर्यंत कुणाला इजा करत नाही. पटकथा बरणीकडे बोट दाखवत राहते आणि कॅमेरा फ्रिट्झकडे. मला कॅमेऱ्याचं म्हणणं जास्त पटतं.

आता तळ्याकाठचा प्रसंग. सगळा चित्रपट ज्यावर तोलला आहे तो हाच. मारिया नावाची लहान मुलगी घराबाहेर एकटी खेळते आहे, बाप फासे पाहायला रानात गेला आहे. झाडीतून राक्षस येतो. मुलगी घाबरत नाही. त्याचा हात धरून त्याला पाण्याच्या काठाशी नेते, शेजारी बसवते, एक फूल देते. तो फुलाचा वास घेतो आणि हसतो. सगळ्या चित्रपटात तो इतका मोकळा दुसरीकडे कुठेच हसत नाही. मग दोघं फुलं पाण्यात टाकतात. ती होड्यांसारखी तरंगतात, त्याला त्याचा आनंद होतो. त्याच्या हातातली फुलं संपतात. तो रिकाम्या हातांकडे पाहतो, मुलीकडे पाहतो, तिला उचलतो आणि तीही तरंगेल म्हणून पाण्यात टाकतो. ती वर येत नाही. तेव्हा तो पाण्याकडे पाहत गोंधळतो, हात झटकतो आणि झाडीतून धडपडत निघून जातो. हे दृश्य काहींना सहन झालं नाही. अमेरिकेत काही राज्यांच्या परीक्षक मंडळांनी त्यावर कात्री चालवली. १९३८ मध्ये चित्रपट पुन्हा लागला तेव्हा हॉलिवूडच्या नव्या आचारसंहितेनुसार तो तुकडा गेला आणि पुढे जवळजवळ पन्नास वर्षं जगाने कापलेलाच चित्रपट पाहिला. कापणाऱ्यांचा हेतू चांगला होता, लहान मुलीचं मरण पडद्यावर दिसू नये एवढाच. पण कात्री कुठे लागली ते पाहा. राक्षस मुलीकडे हात नेतो, आणि दृश्य तुटतं. पुढे थेट दिसतो तो बाप, हातांवर मुलीचं कलेवर घेऊन गावाच्या उत्सवातून चालत येणारा. मधे काय झालं ते प्रेक्षकाने मनाने भरायचं, आणि मन जे भरतं ते त्या फुलांच्या खेळापेक्षा कितीतरी भयंकर असतं. चांगल्या हेतूने कापलेल्या त्या तुकड्याने एका अजाण जिवाला अर्धशतकभर नराधम करून ठेवलं. १९८० च्या दशकात हरवलेला भाग सापडून पुन्हा जोडला गेला, म्हणजे आज मोबाईलवर पाहणाऱ्याला १९५० मधल्या प्रेक्षकापेक्षा जास्त पूर्ण चित्रपट पाहायला मिळतो.

तुकडा कापल्याने माणसाचा राक्षस होतो, हे सिनेमाच्या इतिहासापुरतं राहिलं असतं तर मी एवढा आग्रह धरला नसता. २०१७-१८ मध्ये देशभर व्हॉट्सॲपवर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरून दोघं येतात, रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांतून एकाला उचलतात आणि निघून जातात. ही चित्रफीत मूळची कराचीची, पालकांनी सावध राहावं म्हणून तिथल्या एका संस्थेसाठी केलेला छोटा जागृतिपट. मूळ फितीच्या शेवटी ते दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि सूचनेचा फलक दाखवतात. फिरणाऱ्या फितीतून नेमका हा शेवट कापलेला होता. ‘मुलं पळवणारी टोळी आली आहे’ या अफवेला असे तुकडे खतपाणी घालत होते. १ जुलै २०१८ ला, रविवारच्या बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारलं. त्यांतले एक जण एका लहान मुलीशी बोलत होते, एवढ्यावरून संशय उठला. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथे मरेपर्यंत मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच जणांना संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली, आणि १७ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींबाबत सर्व राज्यांना निर्देश दिले. तरी एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचलेला दोन साधू आणि त्यांचा चालक अफवेपायी मारले गेलेच. परका पुरुष, लहान मूल, तुटलेली माहिती आणि जमा झालेली माणसं, एवढ्या चार गोष्टी ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्येही आहेत. आपल्या गावांना परका माणूस नवीन नाही, हे यातलं जास्त लागणारं. सुगी संपली की डवरी गोसावी, नंदीबैलवाले, बहुरूपी, वासुदेव गावोगाव येत. केस मोकळे सोडून अंगावर आसूड ओढणारा पोतराज पाहून पोरं आईच्या पदरामागे लपत, आणि आई तशीच पुढे होऊन सुपातलं धान्य त्याच्या झोळीत घाली. भीतिदायक दिसणाऱ्याला दारात उभं राहू देण्याची रीत आपल्याकडे होती. त्या काळाचे गोडवे गायचे नाहीत, त्याच काळात सोलापूरचं कुंपणही होतं. पण ती रीत होती हेही खरं.

यावर एक आक्षेप सहज येईल आणि तो हलका नाही. राईनपाड्यात कुणाचं मूल गेलं नव्हतं. चित्रपटात मात्र मुलगी खरोखर मेली आहे आणि ती राक्षसाच्याच हातून मेली आहे, मग गावाने काय हात जोडून बसायचं? व्हेलने बापाच्या दुःखाला कमी लेखलेलं नाही. नाचणाऱ्या, पिणाऱ्या, बँडच्या तालावर डोलणाऱ्या लोकांतून तो मुलीला घेऊन चालतो. त्याच्या वाटेवर नाच थांबत जातो, आणि कॅमेरा बराच वेळ त्याच्याबरोबर चालत राहतो. त्याची ती चाल पार मोडलेली आहे. या माणसाला न्याय हवा, यात दुमत नाही. पण गाव काय करतं? महापौर तीन टोळ्या करतो, मशाली पेटतात, कुत्री सोडली जातात, आणि डोंगरातल्या टोळीचा म्होरक्या नेमला जातो तो हेन्री फ्रँकेन्स्टाइन! ज्याने प्रेतं उकरून हा जीव घडवला, घडवून त्याला तळघरात सोडलं आणि लग्नाच्या तयारीला निघून गेला, तोच शिकारीचा पुढारी. मुलीच्या मरणात त्याचा वाटा किती, हे कुणी विचारत नाही, तोही सांगत नाही. जमावाला दोषी सापडलेला असतो, त्यामुळे जबाबदार शोधण्याची गरज उरत नाही. राईनपाड्याच्या आधी ती कापलेली फीत ज्यांनी ज्यांनी विचार न करता पुढे ढकलली, त्यांतल्या किती जणांना आपण त्या खोलीच्या दारापर्यंत पोचलो होतो असं वाटलं असेल? म्हणून मला या चित्रपटातला सगळ्यांत भयानक चेहरा मशालीच्या उजेडात पुढे चालणाऱ्या त्या देखण्या, घरंदाज तरुणाचा वाटतो.

दुसरा आक्षेप अभ्यासू माणसांचा असतो. नव्वद वर्षांपूर्वीच्या करमणुकीवर आजची मूल्यं लादू नयेत. व्हेलला धंदा करायचा होता, जमावाचा विचार त्याच्या डोक्यात कुठला! पण १९३१ च्या अमेरिकेत मशाली घेऊन धावणारा जमाव ही परीकथेतली गोष्ट नव्हती. इंडियाना राज्यातल्या मॅरियन गावी ७ ऑगस्ट १९३० ला हजारो लोकांच्या जमावाने तुरुंग फोडून दोन काळ्या तरुणांना बाहेर ओढलं आणि झाडाला लटकवलं. झाडाखाली हसतमुख उभ्या राहिलेल्या लोकांचं छायाचित्र तेव्हा हजारोंनी खपलं. ‘फ्रँकेन्स्टाइन’ त्यानंतर पंधरा महिन्यांनी आला. पाच वर्षांनी, १९३६ मध्ये, फ्रिट्झ लँगने ‘फ्युरी’ हा सबंध चित्रपटच निरपराध माणसाला जाळायला निघालेल्या जमावावर काढला. म्हणजे हॉलिवूडला हा विषय कळत होता. व्हेल स्वतः पहिल्या महायुद्धात लढलेला, जर्मनांच्या कैदेत राहिलेला माणूस, आणि त्याचा हेतू काय होता याचा अंदाज करत बसण्याची गरजही नाही, कारण १९३५ मध्ये त्याने दुसरा भाग केला. त्या ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्ये जखमी राक्षस रानातल्या एका झोपडीत शिरतो. तिथला आंधळा म्हातारा त्याला जेवू घालतो, व्हायोलिन ऐकवतो, चार शब्द बोलायला शिकवतो. मग बंदुका घेतलेले दोन डोळस शिकारी दारात येतात आणि काही क्षणांत झोपडी पेटते. हे लिहिणाऱ्या आणि चित्रित करणाऱ्या माणसांना भीती कुठे राहते हे ठाऊक नव्हतं, असं कसं म्हणणार? आणि आपल्याकडे पाहायचं तर पुण्यात आल्यावर प्रभातने केलेला पहिला चित्रपट ‘अमृतमंथन’, सन १९३४. बळी देण्याची प्रथा बंद करणाऱ्या राजाचा काटा काढणारा राजगुरू ही त्यातली भयाची मूर्ती. मराठी आवृत्तीत केशवराव दात्यांनी आणि हिंदीत चंद्रमोहनने ती उभी केली, आणि पडदाभर व्यापणारा त्याचा एक डोळा अजून लोकांच्या बोलण्यात येतो. दिग्दर्शक शांतारामबापूंनी त्या चित्रपटात भूत आणलं नाही. देवाच्या नावाने माणसांना पेटवणारा माणूस आणला. त्याच दशकात पुण्यात जे दिसत होतं, ते पाहण्याला आजची मूल्यं म्हणायचं कशाला?

उलट बाजूनेही मला सावध राहायचं आहे. आजच्या नजरेचा एक मोह असतो, जुन्यातलं सगळंच उदात्त ठरवून टाकण्याचा. राक्षस संत नाही. फ्रिट्झला तो फाशी देतो, त्या दोन डॉक्टरांतल्या वाल्डमनचा गळा आवळतो. आणि त्याच वर्षांतले सगळे भयपट असे सोडवता येणार नाहीत. १९३३ च्या ‘किंग काँग’मधले बेटावरचे लोक पाहताना आज मान खाली जाते. त्याहून वाईट १९३२ चा ‘मास्क ऑफ फू मांचू’, ज्यात एक चिनी खलपुरुष गोऱ्या जगाचा नाश करायला निघालेला दाखवला आहे. तिथे कॅमेरा एकदाही त्याच्या बाजूला जात नाही. परक्याची भीती जशी आहे तशी प्रेक्षकाच्या पदरात टाकून तो चित्रपट मोकळा होतो. त्याला आजच्या डोळ्यांनी वाचवण्याचं कारण नाही. हा फू मांचू झालेला नटही बोरिस कार्लोफच, आणि इथे त्याच्या घराण्याची हकिगत सांगायला हवी, कारण तिचं एक टोक महाराष्ट्रात आहे. त्याचं खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट, जन्म लंडनचा, १८८७ चा. त्याच्या आईची आई एलायझा एडवर्ड्स ही मुंबई इलाख्यातल्या फौजेतल्या सार्जंटाची मुलगी. तिची धाकटी बहीण ॲना १८३१ मध्ये अहमदनगरला जन्मली, पुढे सयामच्या राजवाड्यात शिक्षिका झाली आणि ॲना लिओनोवेन्स या नावाने जगभर गाजली. या घराण्यात भारतीय रक्त होतं असं चरित्रकार मानतात. ॲनाने ते जन्मभर लपवलं, आपण वेल्समध्ये जन्मलो असं ती सांगत राहिली. नगरचा जन्म उघड झाला असता तर इंग्रजांच्या समाजात तिला दार बंद झालं असतं. कार्लोफचा वर्णही सावळा होता आणि मूकपटांच्या काळात त्याच्या वाट्याला हिंदू, अरब, मेक्सिकन अशाच परक्यांच्या भूमिका आल्या. ज्या घरात दोन पिढ्या ‘तुम्ही कुठले’ या प्रश्नाची धास्ती होती, त्या घरातल्या नटाने जमावापुढे पळणारा परका उभा केला. अभिनयाचं कारण वंशात शोधू नये हे मला समजतं. पण तळ्याकाठी फूल हातात घेतलेला तो चेहरा पाहताना नगरचं हे नातं मनातून जात नाही.

मुलीला पाण्यात टाकण्याच्या प्रसंगाला कार्लोफचा विरोध होता असं सांगतात. तिला त्याने हलकेच पाण्यावर ठेवावं, फूल ठेवावं तसं, असं त्याचं म्हणणं होतं. व्हेलने ऐकलं नाही, आणि माझ्या मते व्हेलचं बरोबर होतं, कारण ती फेक अडाणी आहे म्हणूनच ती खरी वाटते. शेवटही व्हेलने मऊ केला नाही. जमाव राक्षसाला जुन्या पवनचक्कीत कोंडतो, लाकडाला आग लावतो, आणि ज्या जिवाला आगीशिवाय कशाचीच भीती नव्हती तो वासा अंगावर पडून आत ओरडत राहतो. खालून लोक वर पाहत उभे आहेत. या दृश्यात कॅमेरा आत जातो, ज्वाळांमध्ये, त्याच्याजवळ. बाहेर उभं राहून नुसती जळती चक्की दाखवली असती तरी कथा पूर्ण झाली असती. स्टुडिओने मागून जोडलेला, हेन्रीच्या म्हाताऱ्या जहागीरदार बापाने नातवाच्या नावाने पेला उचलण्याचा गोड प्रसंग त्यामुळेच आज इतका उपरा वाटतो. आणि हे सगळं दिसायला एकविसाव्या शतकात जन्माला यावं लागतं असंही नाही. कार्लोफ पुढे अनेकदा सांगत असे की चित्रपट लागल्यावर त्याला लहान मुलांची पुष्कळ पत्रं आली, आणि त्या मुलांना राक्षसाची भीती वाटण्याऐवजी कळवळा वाटला होता. मोठी माणसं चेहऱ्याला घाबरत होती त्याच वर्षी, त्याच थिएटरांत बसून, त्या मुलांनी मशाली कुणाच्या हातात आहेत ते पाहून ठेवलं होतं.